डावा कोपरा सोडून गेलेल्या दादास

दादा,

या सोमवारी सकाळी मी बिनमिठाची भाजी वेगळी काढली. कढईत मीठ घालायच्या आधी एक वाटी बाजूला ठेवायची, हे हाताला इतकं सवयीचं झालंय की ती वाटी झाकून ओट्यावर ठेवली तरी माझ्या लक्षात आलं नाही. मोताळ्याहून येणारी तुझी एसटी बुलढाण्याच्या स्टँडवर लागायची वेळ झाली, आणि मग कळलं की आज कोणी येणार नाही. सोमवार-गुरुवार तू माझ्याकडे उतरायचास, चार घास खायचास आणि डायलिसिसला जायचास. ती वाटी मी संध्याकाळपर्यंत उचलली नाही.  शेवटी मीच खाल्ली. इतके दिवस तुला वाढत होते, पण स्वतः कधी चाखली नव्हती. कसं खात होतास रे तू ते?

हे असं पुस्तकातल्यासारखं लिहितेय म्हणून तू हसशील. ‘मास्तरीन झाली तं पुन्यासारखी बोलाले लागली,’ असं म्हणायचास. काय करू, हातात पेन आलं की भाषा अशीच येते. तुझं बोलणं मात्र जसं ऐकलं तसंच लिहिणार आहे. तेवढंच तर उरलंय.

तुला पोचवून आलो त्या दिवशी पेपरात एक लहानशी बातमी आली होती. ‘माजी कबड्डीपटू विलास यांचे निधन.’ माजी. मी तो शब्द बराच वेळ पाहत बसले. तू माजी कधी झालास दादा? तुला तर काढून टाकलं होतं.

विहाराच्या मागची ती पडीक जागा आठवते? गोखरूचे काटे वेचून, गावाबाहेरून पांढरी माती आणून टाकून तुम्ही पोरांनी तिचं मैदान केलं. मी तेव्हा पाचवीत असेन. माझं काम एकच, तुमचे सदरे सांभाळायचे. बाबा नव्हते. आई जिनिंगमध्ये सरकी उचलायला जायची आणि आल्यावर आधी मैदानाकडे वळायची, कारण आपण दोघं तिथंच सापडायचो. तू डाव्या कोपऱ्यात उभा राहायचास. समोरचा पोरगा ‘कबड्डी कबड्डी’ करत आत यायचा, तू जणू त्याला पाहिलंच नाही असा मान खाली घालून उभा, आणि त्यानं पाय जरा पुढे टाकला की घोटा तुझ्या हातात. तुझी ती पकड. जमिनीतून काहीतरी वर आल्यासारखी.

त्या खेळानंच सुभाषभाऊ आपल्या घरी आला. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा पोरगा, संघाचा कप्तान. तू डावा कोपरा आणि तो तुझ्या शेजारी. चढाईवाला आला की तुम्ही एकमेकांचे हात धरून साखळी करायचात. त्यांच्या घरातलं कोणी आपल्या गल्लीत पाणी प्यायल्याचं आईनं तोवर पाहिलं नव्हतं. सुभाषभाऊ आला, चुलीपाशी पाटावर बसला आणि म्हणाला, ‘माय, चहा टाक. तुह्या पोरानं आज एकट्यानं मॅच जितवली.’ आईनं कप दोनदा विसळला. तो गेल्यावर ती म्हणाली, ‘खेळ चांगला हाये बाप्पा हा.’ मला तेव्हा वाटलं होतं ती तुझ्या जिंकण्याबद्दल बोलतेय.

मग तुम्ही सगळीकडे खेळलात. खामगाव, मलकापूर, चिखली, दुसरबीड. जिल्ह्याचा संघ निघाला तर त्यात तू असणार हे ठरलेलंच. आणि जिल्ह्यात तू असलास तरी राज्याच्या यादीत नसणार, हेही हळूहळू ठरलेलंच झालं. सोबतची पोरं खेळाच्या जागांवर नोकरीला लागत गेली. एक पोलिसात, एक एसटीत, एक रेल्वेत. तू दहावीच्या गणितात अडकलेला. मी तुला किती शिकवलं! त्रिकोण काढून दिला की तू त्यावर कोपरा, मध्य, निदानरेषा अशी खूण करून मला मैदान समजावत बसायचास. दुसऱ्यांदा नापास झालास तेव्हा रडलास. घरामागच्या न्हाणीत, पाण्याचा आवाज करून. मला ऐकू आलं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आणि मग ते हार्वेस्टरवाले सरदारजी आले. दरवर्षी सोयाबीनच्या वेळी यायचे तेच, पंजाबातून मशीन घेऊन. त्यातले बल्लीपाजी मोताळ्याच्या सामन्यात तुला पाहून गेले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या ओसरीवर येऊन बसले. आईला त्यांची हिंदी कळेना, त्यांना आईची वऱ्हाडी कळेना, पण दोघं बराच वेळ बोलले. त्यांनी सांगितलं, आमच्याकडे गोल मैदानावर खेळतात. सर्कल. गावोगावच्या जत्रांत हजारो लोक येतात, आणि खेळणाऱ्याला पैसा मिळतो. हातात, रोख, राजासारखा.

 मग एका दुपारी मला म्हणालास, ‘शीले, मी पंजाबले जाऊन राह्यलो.’

‘काऊन? इथं काय कमी हाये?’

‘तिथं दहावी पास विचारत नाहीत वं.’

 सुभाषभाऊला ते पटलं नाही. तो तेव्हा नुकताच जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेत गेला होता, खादीचा शर्ट घालायला लागला होता. अंगणात उभा राहून ओरडला, ‘विलास, तो आपला खेळ नाही बे! पैशासाठी अंगाले तेल लावून नाचणार हायेस तू. एकदा तिकडं खेळला तं इकडचे दरवाजे बंद होतीन, सांगून ठेवतो.’

तू म्हणालास, ‘सुभाष, तुले वावर हाये. मले हे दोन हातच हायेत.’

तुमच्या दोघांत तेवढंच बोलणं झालं. नंतर इतकी वर्षं गेली, पण त्या दोन वाक्यांच्या पुढे कोणीच सरकलं नाही.

मलकापूरच्या स्टेशनावर आम्ही दोघी आलो होतो. भुसावळला गाडी बदलायची होती तुला. आईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. गाडी हलली तेव्हा तू दारात उभा राहून हात वर केलास, आणि आई माझ्या कानाशी म्हणाली, ‘याले थंडीचं काही देलंच नाही वं आपुन.’ ती परत येईपर्यंत तेच म्हणत होती. नांदुऱ्याकडचा तिचा भाऊ एकदा रोजगाराला गेला तो परत आलाच नव्हता. तिला थंडीची काळजी नव्हती रे.

पहिल्या महिन्यातला तुझा फोन. दुकानातल्या फोनवर तू ओरडून बोलत होतास, ‘शीले, इथं साखळी नसते. एक जन येतो, आन् एकच जन त्याले धरतो. बाकीचे पाहात राह्यतेत.’ समोरचा छातीवर सपासप चापट्या मारत सुटतो, म्हणालास. पहिल्या सामन्यात एकही पकडता आला नाही. लोक हसले. तुझी छाती सुजून लाल झाली होती, ते तू हसतहसत सांगितलंस. मी म्हटलं, परत ये. तू म्हणालास, ‘इतक्या दूर हसू करून घ्याले आलो का मी? शिकतो ना.’

आणि शिकलास. आपल्याकडे घोटा धरायचा, तिथं पहाडासारखा माणूस कमरेत धरून पाडायचा. बल्लीपाजींच्या गावच्या पोरांनी तुला दूध-तूप घालून उभं केलं. तिसऱ्या हंगामात तुझं नाव झालं. नाव म्हणजे तरी काय, सगळे तुला ‘मराठा’ म्हणायचे. ‘मराठा आला, मराठा आला.’ हे तू सांगितलंस तेव्हा आई हसून हसून बेजार झाली. डोळे पुसत म्हणाली, ‘इथं सांग ना जाऊन कोनाले!’ तूही हसलास. तिथल्या कोणाला तुझी गल्ली ठाऊक नव्हती, आणि कोणी विचारतही नव्हतं. तिथली गल्ली वेगळी असेलच, तिथलीही माणसं कोणाला तरी बाहेर बसवत असतीलच. पण तुला ते पाहावं लागलं नाही, एवढं तरी सुख तुला मिळालं.

माझं डीएड त्याच काळात झालं. नोकरी लागली, लग्न झालं. लग्नात तू आणलेली ती फुलकारीची ओढणी अजून आहे. गुलाबी रंगाची, अंगभर भरलेली. सासरी सगळ्यांनी हात लावून पाहिली. तू मांडवात लंगडत फिरत होतास. मी विचारलं, तर म्हणालास, ‘गुडघा हाये. मॅचच्या आधी सुई घेतली का मंग तो बोलत नाही.’

कसली सुई, कोण देतं, किती घेतोस, मी विचारलं होतं. तू म्हणालास, सगळेच घेतात. दुखणं मारायची गोळीही खिशात असायची, शेंगदाण्यासारखी. तुझं शरीर तेव्हा असं होतं की त्याला काही होईल हे सुचतच नव्हतं कोणाला. मांडवाचा खांब कलला होता, तो तू एका हातानं सरळ केलास.

पिंपळगाव राजाची ती स्पर्धा मात्र मी विसरू शकत नाही. हंगाम संपवून तू घरी आला होतास, आणि आपल्या गावचा संघ तिथं खेळत होता. मीही गेले होते, बायकांच्या बाजूला बसले होते. बंदीचं तुला माहीत होतं. संघटनेनं ठराव करून सांगितलं होतं की दुसऱ्या प्रकारात पैसे घेऊन खेळलेल्यांना आजीवन बंदी. तरी तू गेलास. खेळायला नव्हे. खेळाडूंच्या बाकड्याच्या टोकाला जाऊन नुसता बसलास. सुभाषभाऊ टेबलावरून उठून आला.

‘विलास, इथं नाही बसता येत तुले.’

‘खेळून नाही राह्यलो ना. पोरायले पानी देतो.’

‘तेही नाही चालत. वरून आदेश हाये.’

‘वरून म्हंजे कुठून?’

सुभाषभाऊनं मान खाली घातली.  तू बाकड्याला हात टेकून उठलास, दोरीच्या पलीकडे गेलास आणि लोकांत जाऊन उभा राहिलास. तुझ्या आजूबाजूचे लोक थोडे सरकले. अंतर पडलं. दादा, तसं अंतर आपण लहानपणी दुसऱ्या कारणानं पाहिलं होतं. या खेळानं ते मिटवलं होतं, आणि खेळानंच पुन्हा पाडलं. त्या दिवशी मला आईचं ते चहाच्या वेळचं बोलणं आठवलं आणि कळलं की ती कशाला चांगला म्हणाली होती.

तू पूर्ण सामना उभ्यानं पाहिलास. आपला संघ हरला. सामना डाव्या कोपऱ्यातूनच गेला.

पंजाबात आणखी काही हंगाम झाले, मग गुडघा सुईलाही ऐकेना. बल्लीपाजी स्वतः तुला सोडायला मोताळ्यापर्यंत आले, आईच्या पाया पडले. तू मालवाहू गाडी चालवायला लागलास. कापूस, मिरच्या, लग्नाच्या खुर्च्या. एका पोरीकडच्यांनी पाहून जाऊन निरोप पाठवला की मुलगा लंगडतो. त्यानंतर तू आईला म्हणालास, ‘आता कोनाच्या घरी मले नेऊ नोको.’ आईनं ऐकलं. ते तिनं ऐकायला नको होतं.

संध्याकाळी विहाराच्या मागे तू गल्लीतल्या पोरांना शिकवायला लागलास. ते दिवस मला वाटतं तुझे सगळ्यात चांगले. बसून शिकवायचास, खुर्चीवर एक पाय लांब करून. ‘तोंडाकडं पाहू नोको बे त्याच्या, पायाकडं पाह्य. तोंड खोटं बोलते.’ पोरं तयार झाली. तालुक्याच्या स्पर्धेला नाव द्यायला गेली, तर सांगण्यात आलं की बंदी असलेल्या माणसाकडे शिकलेला संघ घेता येत नाही. पोरांनी परत येऊन तुला ते सांगितलं. तू त्यांना शिवी घातलीस. मैदानावर तुला शिवी देताना मी तेवढं एकदाच ऐकलं. म्हणालास, ‘जा बे, सुभाषभाऊकडं जा शिकाले. इथं काय ठेवलं हाये?’ आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी घरातच बसायला लागलास. मैदानात पुन्हा गोखरू आलं.

बंदी उठवा म्हणून तू त्यांच्या बैठकीला जाऊन बाहेर बसायचास. एका वर्षी मला घेऊन गेलास, शिकलेली बहीण नीट बोलेल म्हणून. मी बोलले. सगळे ‘हो ताई, बरोबर आहे ताई’ म्हणाले. पुढच्या बैठकीत पाहू म्हणाले. येताना तू मला स्टँडवर उसाचा रस पाजलास आणि म्हणालास, ‘चांगली बोलली तू.’ जणू माझीच परीक्षा होती.

आणि मग सगळं उलटं झालं. टीव्हीवर कबड्डी आली, गादीवरची, रंगीत दिव्यांची. पोरांचे लिलाव व्हायला लागले. शेजारच्या तालुक्यातलं एक पोरगं कुठल्या तरी संघानं घेतलं, तर त्याच संघटनेनं त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, फुलांचा हार. भाषणात सांगितलं, आज आपल्या मातीतल्या खेळाला किंमत आली. मी तो व्हिडिओ तुझ्यासमोर फोनवर लावला. 

‘तुले राग नाही येत दादा?’

‘कोनाचा करू?’

‘यांचा! तू पैसा घेतला तं पाप, आन् यानं घेतला तं शाल?’

‘त्या पोराचा काय दोष हाये त्याच्यात?’ तू म्हणालास. ‘चांगलं खेळून राह्यला तो. कोपऱ्यात जरा लवकर उठते, बस.’

मला इतका संताप आला होता तुझा. आजही आहे. आपलं हे भांडण कधी संपलंच नाही. मला वाटायचं तू एकदा तरी ओरडावंस, कोणाच्या तरी अंगावर जावंस, एवढ्या ताकदीच्या माणसानं एकदा तरी टेबल उलटावं. तू टीव्हीसमोर पाय लांब करून बसायचास आणि अनोळखी पोरांना सांगायचास, ‘घोटा धर बे, घोटा!’ तुझा राग कुठे गेला होता रे? मला आता वाटतं, तो आतच कुठेतरी साठत गेला आणि शेवटी मूत्रपिंडात जाऊन बसला. डॉक्टर असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, वर्षानुवर्षं घेतलेल्या त्या सुया आणि त्या गोळ्या.

पायावरची सूज तू गुडघ्याची समजत राहिलास. बुलढाण्याला आणलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं बहुतेक गेलेली होती.

उन्हाळ्यात तुला पाणी मोजून. वाटीभर सकाळी, वाटीभर संध्याकाळी. तू बर्फाचा तुकडा तोंडात ठेवून माझ्या खिडकीत बसायचास आणि समोरच्या नळावर पाणी भरणाऱ्या बायकांकडे पाहायचास. एकदा म्हणालास, ‘लोकायले वाटत असन, हा मानूस बायाकडं पाह्यते. मी पान्याकडं पाहून राह्यलो.’ मी हसले. मग मोरीत जाऊन रडले, पाण्याचा आवाज करून. आपल्या घरात रडायची ही एकच रीत दिसते.

माझा आणि तुझा रक्तगट एक निघाला, तेव्हा मला वाटलं, माझं एक मूत्रपिंड तुला देते, आता सगळं नीट होणार. यांचीही हरकत नव्हती. हे तुला सांगताना ते स्वतः शेजारी बसले होते. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, ‘नाही.’

‘डॉक्टर म्हणतात एकावर मानूस चांगला जगतो.’

‘मंग मीही जगून राह्यलो ना मशीनवर.’

‘हे जगनं हाये?’

‘तुह्या दोन पोरी हायेत शीले.’

‘पोरी मलेच विचारतीन ना उद्या, मामाले काऊन नाही देलं म्हनून!’

‘त्यायले सांगजो, मामा हट्टी होता.’

किती गुरुवार, किती सोमवार आपण तेच तेच बोललो. मी भांडले, मी जेवले नाही, मी तुझ्याशी अबोला धरला. तू बिनमिठाची भाजी खायचास, ‘बरी झाली’ म्हणायचास आणि निघायचास. आणि शेवटच्या गुरुवारी, चपला घालताना, भिंतीला हात टेकून तू म्हणालास, ‘बरं. उन्हाळा जाऊ दे. मंग पाहू.’

दादा, ते खरं होतं का? की मी गप्प बसावं म्हणून म्हणालास? बैठकीतली माणसं तुला ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणायची, तसं? मी त्या दिवशी आनंदानं शेजारणीला सांगून आले होते, दादा तयार झाला म्हणून. आता ती मला पाहिलं की आत जाते.

आणि तो रविवार. आईनं आमरस केला होता. आंबा तुला वर्ज्य होता. केळं, आंबा, नारळाचं पाणी, सगळं वर्ज्य. तुला पाठ होतं ते. एरवी तू बोटभर चाटून वाटी सरकवायचास. त्या दिवशी, आई सांगते, तू दोन वाट्या रस प्यालास. पोळीसोबत, पोटभर. ‘इतक्या दिसातून बरं जेवलं माह्यं लेकरू,’ असं ती आलेल्या प्रत्येकाला सांगते. ‘शेवटी पोटभर खाऊन गेला.’ दुपारी तू आडवा झालास आणि चारच्या सुमारास आईनं हाक मारली तेव्हा उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम वाढून हृदय थांबलं असेल, कशानं वाढलं ते काही नक्की सांगता येत नाही.

मला सांगता येतं. पण मी आईला सांगणार नाही. ती मरेपर्यंत नाही. हे फक्त तुझ्याशीच बोलता येतं, आणि तुला विचारायचंय ते एवढंच, की तुला तेव्हा आंब्याची भूक होती, की तू थकला होतास? भूक असेल तर मी स्वतःला समजावीन. मोसम होता, वास येत होता, किती दिवस माणसानं मन मारायचं! पण दुसरं असेल, तर मी काय करू दादा? मी तर तीन दिवस आधी तुझ्या ‘मंग पाहू’वर विश्वास ठेवून बसले होते. रात्री झोप लागत नाही असं नाही. लागते. सकाळी जाग येते आणि हा प्रश्न उशाशी बसलेला असतो.

परवा विहारात पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले होते, वंदना झाली, सगळी गल्ली जेवली. बल्लीपाजी पंजाबातून आले होते, म्हातारे झालेत आता. कोणाची भाषा कळत नसताना पंगतीत वाढत होते. लोक पांगले आणि सुभाषभाऊ आला. सोबत संघटनेचे दोघं. तू आजारी असताना तो एकदाही आला नव्हता, पण आता तुझ्या फोटोसमोर हात जोडून उभा राहिला तेव्हा त्याचे खांदे हलत होते. ते खोटं नव्हतं. मला वाटलं असतं तर बरं झालं असतं की ते खोटं आहे.

मग तो ओसरीवर बसला आणि म्हणाला, ‘शीला, आम्ही ठरवलं. दिवाळीनंतर विलासच्या नावानं स्पर्धा घेतो. स्मृतिचषक. सगळ्या जिल्ह्याचे संघ बोलावतो. पहिलं बक्षीस आईच्या हातानं देऊ.’

मी विचारलं, ‘बंदी उठवली का तुम्ही?’

तो गोंधळला. सोबतच्यांकडे पाहिलं त्यानं. मग त्यातला एक जण, चांगला माणूस, अगदी मायेनं मला समजावल्यासारखा म्हणाला, ‘ताई, ती आजीवन होती ना. आता ती आपोआपच संपली की.’

सुभाषभाऊनं डोळे मिटले. मी उठले. काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की ‘नाव देऊ नका त्याचं’ असं म्हणाले. त्यांनी चपला घातल्या आणि तिघं गल्लीतून निघून गेले.

आत आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली आहे. तिचं भान हल्ली मध्येच कुठेतरी निघून जातं आणि मध्येच परत येतं. मी तिच्या पायाशी बसले.

‘कोन आलं होतं वं?’

‘सुभाषभाऊ. कबड्डीवाले.’

‘काय म्हनत?’

मी म्हटलं, ‘बंदी संपली म्हणत होते दादाची.’

ती उठून बसली. पदर सारखा केला. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं.

‘मंग आता खेळू देतीन त्याले?’

मी ‘हाव, देतीन’ म्हटलं, दादा.